सहा वर्षं डायलिसिसवर असलेल्या आईचा खुबा मोडला आहे, ऑपरेशन करावं का?

तुमच्या आई ६८ वर्षांच्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा). हाडांचे डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात आणि घरचे 'टेबलावरच काही झालं तर?' म्हणून अडलेत.

माझं मत सरळ आहे. हृदय भूल सोसण्याच्या स्थितीत असेल तर करा, आणि शक्यतो ४८ तासांच्या आत. धोका मोठा आहेच. डायलिसिसवर असताना खुबा मोडलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं वर्षभरात दगावतात, असं परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून दिसतं. पण ऑपरेशन टाळलं म्हणून धोका टळत नाही. हाड तसंच ठेवलं तर कूस बदलता येत नाही, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. शिवाय डायलिसिसला दर वेळी स्ट्रेचरवर उचलायचं म्हणजे असह्य कळा. मग फेऱ्या चुकू लागतात, आणि चुकलेल्या फेऱ्या जिवावर बेततात.

टेबलावरचा धोका भूलतज्ज्ञ सांभाळतात. घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते आदल्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात.

डायलिसिस ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झालेलं असावं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या ११ लाखांहून जास्त शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेवटचं डायलिसिस एक दिवस आधी झालेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू ४.२ टक्के होते, दोन दिवसांचं अंतर असलेल्यांत ४.७ आणि तीन दिवसांच्या अंतरात ५.२. म्हणून सोमवारी सकाळचं ऑपरेशन आणि शेवटचं डायलिसिस शुक्रवारचं, असं होऊ देऊ नका. आदल्या दिवशीचं हे डायलिसिस हेपॅरिनशिवाय (रक्त गोठू न देणारं औषध) किंवा अगदी कमी हेपॅरिनवर करायला सांगा, विशेषतः कमरेतून भूल द्यायची असेल तर. पाणी ड्राय वेटपर्यंतच, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापर्यंतच, काढावं. जास्त ओढलं की भूल देताच बीपी कोसळतो, आणि बीपी कोसळला की फिस्टुलात गुठळी होते. डायलिसिसनंतर काही तासांनी पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. मशीनवरून उतरल्या उतरल्या काढलेलं रक्त फसवं, कारण पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू परत रक्तात येतं.

फिस्टुलाच्या हातावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: बीपी नाही, सुई नाही, सलाईन नाही. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यावर पहिल्यांदा तिथे बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच कळवा. पहिल्या काही तासांत गुठळी काढता आली तर फिस्टुला वाचू शकतो.

किडनी निकामी असली की प्लेटलेटची संख्या ठीक असूनही त्या नीट चिकटत नाहीत, म्हणून जखम जास्त पाझरते. हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. रक्त द्यावं लागलं तर शक्यतो डायलिसिस चालू असताना द्यावं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम आणि जादा पाणी तिथेच निघतं. पुढे किडनी ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर आधीच बोला: प्रत्येक बाटलीगणिक शरीरात अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता असते आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

औषधांत सर्वांत जास्त चुका होतात. मॉर्फिन आणि पेथिडीन टाळावं. त्यांचे उरलेले घटक किडनीवाटे बाहेर पडत नाहीत; मॉर्फिनने पेशंट गुंगीत जाऊन श्वास मंदावतो, पेथिडीनने झटके येऊ शकतात. पॅरासिटामॉल चालतं, जास्त दुखलं तर फेंटानिल बरं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सवयीने दिलं जातं, त्याने रक्तस्राव वाढतो आणि थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाते. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनचा डोस बराच कमी लागतो, नाहीतर दोन दिवस डोळे उघडत नाहीत आणि घरच्यांना वाटतं भूल उतरली नाही. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं एनोक्सापॅरिन शरीरात साठतं; साधं हेपॅरिन जास्त भरवशाचं. पोट साफ होत नाही म्हणून फॉस्फेटचा एनिमा मुळीच नको.

नंतरचं पहिलं डायलिसिसही हेपॅरिनशिवायच. टेक्निशियन मधून मधून सलाईन सोडून नळ्या धुतात. म्हणूनच माझा आग्रह: हाडांचं ऑपरेशन आणि डायलिसिस एकाच इमारतीत असेल तिथेच दाखल करा. खुब्याचं ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी अँब्युलन्समधून डायलिसिसला नेणं हे हाल आहेत.

शेवटची एक गोष्ट, डिस्चार्जच्या वेळी हमखास नजरेतून सुटणारी. हाडं ठिसूळ आहेत म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन कोणी लिहून दिलं, तर किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्याने कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. या हाडांचं दुखणं बहुधा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींशी जोडलेलं असतं, म्हणून आधी पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन), कॅल्शियम आणि फॉस्फरस तपासा.