‘गॉडझिला’ हा महाकाय प्राण्याचा जपानी चित्रपट फुसका निघाला म्हणतोस, पण पाहिलास कुठला?

अरे, तू वर्णन करतोस त्यावरून तू १९५६ची अमेरिकी आवृत्ती पाहिलीस. मूळ चित्रपट १९५४चा, दिग्दर्शक इशिरो होंडांचा, ९६ मिनिटांचा. अमेरिकेत तो ८० मिनिटांवर आणला, वर रेमंड बर या नटाची नवी दृश्यं मध्ये घुसडली. म्हणजे मूळचं किती उडालं, तूच हिशोब कर. (बर ज्यांच्याशी बोलतो ते बहुतेक पाठमोरे का, हे आता कळलं असेल.)

मला सर्वांत खुपतं ते रेल्वेच्या डब्यातलं गायब झालेलं संभाषण. किरणोत्सारी मासे, किरणोत्सारी पाऊस, त्यात आता गॉडझिला, असं प्रवासी वैतागून बोलतात. त्यातली तरुणी तर नागासाकीतून वाचलेली. १९५४च्याच मार्चमध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी अणुचाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. तिथल्या प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरजच नव्हती. हे काढलं की उरतो नुसता इमारती पाडणारा प्राणी.

१९८४च्या गॉडझिला चित्रपटाचं तर विचारूच नकोस. मुळात सोव्हिएत अधिकारी क्षेपणास्त्र थांबवायला धडपडतो, अमेरिकी आवृत्तीत तोच मुद्दाम सोडतो!

तेव्हा लावण्याआधी लांबी बघ. १९८४चा १०३ मिनिटांचा असायला हवा. जपानी आवाज, खाली सबटायटल्स. आणि पडद्यावर रेमंड बर दिसला, की सरळ बंद कर.