तारीख देण्यापूर्वी विश्रांतीची नोंद

“मी घरूनच काम करते, त्यामुळे माझा वेळ माझ्या हातात आहे असे सर्वांना वाटते, मग मलाच दिवसभरात अर्धा तास निवांत बसायला का मिळत नाही?” घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्री-पुरुषांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते. कोणी लेखापालनाचे काम करतो, कोणी शिकवण्या घेते, कोणी हस्तकलेच्या वस्तू बनवते. पण तक्रारीचा गाभा बहुतेक वेळा तोच असतो. त्यांपैकी शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका स्त्रीचा अनुभव मी येथे मांडत आहे. तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही असे बदल तपशिलांत करूनच तो लिहिला आहे.

घरातल्या एका खोलीत त्यांचे शिलाई मशीन, कापड बेतण्याचे टेबल आणि इस्त्री असे सर्व काही होते. काम चोख असल्यामुळे काही वर्षांत ग्राहक वाढत गेले आणि त्याबरोबर थकवाही वाढत गेला. माझ्याकडे आल्या तेव्हा रात्री मधेच जाग येणे, मुलावर विनाकारण चिडणे, पाठ-मान सतत दुखणे आणि जरा टेकले तरी अपराधी वाटणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांची मागणी मात्र अगदी नेमकी होती. “मॅडम, मला एक चांगले वेळापत्रक करून द्या,” असे त्या म्हणाल्या.

सततच्या थकव्यामागे रक्तक्षय किंवा थायरॉइडसारखे शारीरिक कारणही असू शकते, म्हणून प्रथम मी त्यांना डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितले. माझ्या मते ही पायरी कोणत्याही समुपदेशकाने वगळू नये. त्यांचे अहवाल समाधानकारक आले आणि त्यानंतरच आम्ही वेळेच्या प्रश्नाकडे वळलो.

वेळापत्रके त्यांनी यापूर्वीही केली होती. सकाळी बेतणे, दुपारी शिवणे, चारला अर्धा तास विश्रांती आणि संध्याकाळी सातला काम बंद, असा आराखडा भिंतीवर लावलेला होता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो मोडत असे आणि प्रत्येक वेळी त्याचा दोष त्या स्वतःच्या शिस्तीला देत असत. माझा मात्र शिस्तीवर संशय नव्हता. जी व्यक्ती इतकी वर्षे दिलेल्या तारखेला काम देत आली आहे, तिच्यात शिस्तीचा अभाव आहे असे मानायला काहीच आधार नव्हता. म्हणून नवे वेळापत्रक न करता मी त्यांना फक्त नोंद ठेवायला सांगितले. प्रत्यक्ष मशीनवर बसल्याचे तास तर लिहायचेच, शिवाय कामासाठी हात, डोके किंवा फोन जिथे जिथे लागला ती प्रत्येक गोष्ट लिहायची, एवढीच अट होती.

त्या नोंदींतून जे निघाले त्याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. एका कपड्याला तीन तास लागतात असा त्यांचा हिशेब होता आणि शिवण्यापुरता तो बरोबरही होता. परंतु माप घेणे, नमुन्याविषयी फोनवर बोलणे, अस्तर आणि दोरा जुळवणे, ट्रायलसाठी थांबणे, त्यानंतरची दुरुस्ती, काजे-बटणे, हातशिलाई, इस्त्री, पैशांची आठवण करून देणे आणि हिशेब लिहिणे हे सर्व धरले की तोच कपडा पाच तासांचा होत होता. आठवड्याला बारा कपडे घेताना त्यांच्या मनात छत्तीस तासांचे काम असे, प्रत्यक्षात मात्र त्या साठ तासांचे काम अंगावर घेत होत्या. घरकाम यात धरलेलेच नाही.

या चुकीला मानसशास्त्रात नाव आहे आणि ती केवळ त्यांची चूक नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘नियोजनभ्रम’ ही संकल्पना मांडली. कामाचा अंदाज बांधताना माणूस ते काम सुरळीत कसे होईल याचे चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि तसेच काम पूर्वी करताना किती वेळ गेला होता हा स्वतःचाच अनुभव बाजूला ठेवतो. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा भ्रम अधिक टिकतो, कारण कामाची वेळ संपली हे सांगणारे बाहेरचे काहीच नसते. चुकलेला अंदाज झोपेच्या आणि विश्रांतीच्या वेळेतून निमूटपणे भरून निघतो, त्यामुळे तो चुकला होता हे लक्षातच येत नाही.

यानंतर मी त्यांना एक प्रश्न विचारला: तुमची चारची विश्रांती नेमकी केव्हा रद्द होते? “चार वाजता, हातातले काम सोडवत नाही म्हणून,” हे त्यांचे पहिले उत्तर होते. आम्ही मागे मागे जात राहिलो. काम हातात होते, कारण संध्याकाळी कपडा द्यायचा होता. संध्याकाळी द्यायचा होता, कारण तशी तारीख दिली होती. आणि ती तारीख चार दिवसांपूर्वी, पोळपाटाजवळ उभ्या असताना फोन आला तेव्हा, डायरी न पाहता, दोन क्षणांत दिली गेली होती. विश्रांती गेली ती त्या फोनच्या वेळी. चार वाजता फक्त ती गेल्याचे कळत होते.

माझ्या अनुभवात घरगुती व्यवसायातील वेळेच्या प्रश्नाची मुख्य गाठ इथेच असते, आणि म्हणून आम्ही या जागी पुष्कळ थांबलो. ग्राहकाने “कधी द्याल?” असे विचारताच त्यांच्या तोंडून सर्वांत जवळची तारीख का निघत असे? नाही म्हटले तर ग्राहक दुसरीकडे जाईल ही भीती होतीच. पण त्याहून खोलवर, ‘मी तर घरीच असते, मला काय अडचण आहे,’ हा इतरांचा समज त्यांनी स्वतःही स्वीकारला होता. बाहेर दुकान असते तर “आठ दिवस लागतील” हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले असते. घरातून तेच वाक्य उद्धटपणाचे वाटत होते. स्वतःच्या कामाला काम म्हणण्याचा अधिकार त्यांनी पूर्णपणे घेतलेलाच नव्हता, आणि ज्याला काम म्हणायचे नाही त्यातून विश्रांती तरी कशाची घ्यायची? अपराधीपणाचे मूळ इथे होते.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. नवा आठवडा सुरू होण्यापूर्वी डायरीत प्रथम विश्रांती लिहायची. रोजचा दुपारचा वेळ, संध्याकाळची काम थांबवण्याची वेळ आणि आठवड्यातील एक पूर्ण दिवस या नोंदी ग्राहकाच्या ट्रायलसारख्याच पक्क्या शाईने करायच्या. उरलेले तास मोजायचे आणि त्यांतील साधारण एक पंचमांश तास मुद्दाम मोकळे सोडायचे, कारण घरात कोणी आजारी पडते, वीज जाते, कापड कमी भरते. त्यानंतर जे तास हाती राहतात तेवढेच विकायला आहेत असे समजायचे. त्यांच्या बाबतीत आठवड्याचे बेचाळीस तास ठरले आणि त्यांतील चौतीस तास कामासाठी देता येत होते. फोनवर तारीख न देण्याचाही नियम ठरला. “डायरी पाहून संध्याकाळी तारीख कळवते,” हे एक वाक्य त्यांनी माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले, कारण पहिल्या प्रयत्नांत त्या प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी “पण लवकरच देईन हं” असे जोडत होत्या.

इथे उत्पन्नाचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून दिलेला सल्ला मला अप्रामाणिक वाटतो. पाच तासांचा एक कपडा धरला तर चौतीस तासांत सहा-सात कपडेच होतात. बारा कपड्यांच्या सवयीला ही मोठी घट आहे. म्हणून आम्ही पाच तासांतील न शिवण्याचे दोन तास तपासले. माप आणि ट्रायल यांसाठी आठवड्यातील दोन ठरावीक वेळा ठेवल्या, निरोपांना दिवसातून दोनदाच उत्तर देण्याचे ठरले, एकाच प्रकारची कामे एकत्र केली आणि काजे-बटणे व हातशिलाई मोबदला देऊन एका होतकरू मुलीकडे सोपवली. एका कपड्यामागचा त्यांचा वेळ चार तासांवर आला. शिवाय आतापर्यंत फुकट होणारी, ग्राहकाने मन बदलल्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती शुल्क घेऊन होऊ लागली आणि दरही नव्या हिशेबाने ठरले. सुरुवातीचे काही महिने उत्पन्न कमी झाले, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काही ग्राहक तुटले. नंतर घट बरीचशी भरून निघाली. परंतु ज्यांच्या घराचा संपूर्ण भार याच उत्पन्नावर आहे त्यांनी हा बदल एकदम न करता आठवड्याला एक-दोन कामे कमी करत टप्प्याटप्प्याने करावा, असे मी सुचवते.

वेळ मोकळा झाला, तरी विश्रांती मिळेलच असे नसते. पहिल्या काही आठवड्यांत त्या दुपारी पडून राहत, पण हातात फोन असे आणि त्यावर ग्राहकांचे निरोप. त्याहून अधिक वेळा त्या अर्ध्या तासात कपडे घडी करणे, सामान लावणे, मुलाचा अभ्यास पाहणे अशी घरकामे होत असत. शिवणकाम थांबले की घरकाम सुरू करायचे आणि त्यालाच विसावा म्हणायचे, हा प्रकार स्त्रियांच्या बाबतीत इतका सर्रास दिसतो की त्याविषयी मला मनापासून काळजी वाटते. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोननटाग यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष असा आहे की कामानंतर शक्ती परत येण्यासाठी कामापासून मनानेही दूर होणे आवश्यक असते. म्हणून विश्रांतीच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत राहू लागला, व्यवसायासाठी वेगळा क्रमांक घेतला गेला आणि घरकामाच्या वाटणीविषयी त्यांच्या पतींशी एक संयुक्त बैठक झाली. पत्नीला विश्रांती मिळावी असे त्यांनाही वाटत होते, मात्र ती मिळण्यासाठी संध्याकाळचे नेमके कोणते काम आपण उचलायचे हे त्यांच्याशी कोणी कधी बोललेच नव्हते. ते ठरल्यावर बराच ताण उतरला.

रात्रीच्या जागरणावर एक साधा उपाय उपयोगी पडला. अपुरे राहिलेले काम मनात घोळत राहते. मात्र ते पुढे केव्हा आणि कसे करायचे याचा ठोस बेत लिहिला की त्याचा पिच्छा कमी होतो, असे मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले. त्यामुळे संध्याकाळी काम थांबवताना शेवटची दहा मिनिटे उद्याचे पहिले काम आणि अडकलेल्या गोष्टी लिहिण्यासाठी ठेवली. लिहून झाले की मशीनवर आवरण घालायचे आणि खोलीचे दार लावून घ्यायचे. प्रौढ व्यक्तीला रोज किमान सात तास झोप लागते, हे लक्षात घेऊन काम थांबवण्याची वेळही झोपेच्या वेळेपासून मागे मोजून ठरवली.

गर्दीच्या हंगामात हे सर्व टिकते का, असे मला विचारले जाते. पूर्णपणे टिकत नाही. तेव्हा तास वाढतात. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच किती ऑर्डर घ्यायच्या याची मर्यादा आणि हंगामानंतरचे हलके दिवस डायरीत लिहून ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. या स्त्रीचा नेहमीचा आठवडा साठ तासांचा होता, आणि तो हंगामही नव्हता.

ज्यांना विश्रांतीची वेळ पाळूनही महिनोन्महिने थकवा जाणवतो, एकेकाळी आवडणाऱ्या कामाविषयी कडवटपणा येतो आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटत राहते, त्यांनी समुपदेशकाला अवश्य भेटावे. उदासपणा आणि कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ लागले, तर वेळेचे नियोजन बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.

या स्त्रीचे काम आता बव्हंशी ठरलेल्या वेळेत थांबते आणि सुट्टीचा दिवस क्वचितच मोडतो. जवळच्या नात्यातील व्यक्तीने तातडीने काही शिवून मागितले की मात्र त्यांना डायरी पाहून उत्तर देणे अजूनही जड जाते, आणि सध्या आमच्या भेटींत त्याच विषयावर काम सुरू आहे.