वाचकांचे प्रश्न: प्लेऑफच्या तोंडावर जायबंदी पिचर

सप्टेंबर सरत आला की मुंबईतल्याही काही घरांना अमेरिकेतल्या बेसबॉलच्या प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांचे, वेध लागतात. पहाटे उठून सामना पाहणारे आणि त्यानंतर आंघोळ उरकून लोकल गाठणारे वाचक या सदराला नेमाने लिहितात. या खेपेस आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे: मालिका दारात उभी असताना पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) जखमी आहेत, तर संघाकडून काय अपेक्षा धरावी? निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहे.

माझ्या आवडत्या संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर ‘कोपराखालच्या स्नायूंत ताठरपणा’ या कारणाने पंधरा दिवसांच्या जखमींच्या यादीत गेला आहे. तो मालिकेपूर्वी परतेल असे संघ म्हणतो. आम्ही ते खरे मानावे का?
– एक वाचक, लोअर परळ

तो परतेलही, परंतु पूर्वीसारखा नऊपैकी सहा-सात इनिंग टाकेल असे धरून चालू नये. कोपराखालच्या आतल्या बाजूचे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून निघतात आणि चेंडू फेकताना तिथल्या लिगामेंटवर (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यावर) येणारा ताण बऱ्याच अंशी तेच झेलतात. ते थकले किंवा दुखावले, की सगळा भार लिगामेंटवर पडतो. म्हणूनच ‘ताठरपणा’ हा शब्द वरवर सौम्य वाटला तरी जाणकार त्या बातमीने धास्तावतात. बोटाला आलेला फोड किंवा मांडीचा ताणलेला स्नायू यांचीही अडचण मोठीच असते, पण त्या दुखापती बऱ्या झाल्या की मागे फारसे काही उरत नाही. कोपराचे तसे नसते.

परतीच्या पायऱ्याही पाहाव्यात. पिचर आधी सपाट मैदानावर फेकतो, मग माउंडवरून (पिचरसाठीच्या उंचवट्यावरून), मग प्रत्यक्ष फलंदाजासमोर, आणि त्यानंतर एखादा मायनर लीगचा, म्हणजे खालच्या श्रेणीचा, सामना खेळून मुख्य संघात येतो. सप्टेंबरअखेर मायनर लीगचे हंगाम संपत असल्याने ही शेवटची पायरी ऑक्टोबरमध्ये उपलब्धच नसते आणि स्वतःच्याच सहकाऱ्यांविरुद्धच्या सराव सामन्यावर भागवावे लागते. अशा सरावानंतर चेंडूचा वेग किती होता याचीच बातमी ठळक छापली जाते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची बातमी दुसऱ्या दिवशीची असते: सकाळी हात कसा होता, आणि ठरल्या दिवशी त्याने पुन्हा चेंडू हातात घेतला की नाही.

२०२४ सालचे सॅन दिएगो पाद्रेसचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांचा पिचर जो मस्ग्रोव्ह त्या हंगामात कोपराच्याच तक्रारीमुळे बाहेर बसला होता, ऑगस्टमध्ये परतला आणि चांगली गोलंदाजी करू लागला. २ ऑक्टोबरला अटलांटाविरुद्धच्या सामन्यात चौथ्या इनिंगमध्ये त्याला कोपर आखडल्यामुळे मैदान सोडावे लागले, आणि त्याच महिन्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पाद्रेसनी ती छोटी मालिका जिंकली, मात्र खरी किंमत पुढच्या मालिकेत मोजावी लागली. डॉजर्सविरुद्ध २-१ अशी आघाडी असताना चौथ्या सामन्यासाठी पुरेसा विश्रांती घेतलेला भरवशाचा पिचर उरला नव्हता, म्हणून डिलन सीझला केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरवले गेले. तो दोन इनिंगही पुऱ्या करू शकला नाही.

समोरच्या डॉजर्सची अवस्था खरे तर अधिक बिकट होती. ग्लासनाऊचे कोपर, स्टोनचा खांदा आणि कर्शॉच्या पायाचा अंगठा, असे तिघे पिचर बाहेर, शिवाय एरवी पिचिंगही करणारा ओहतानी त्या वर्षी केवळ फलंदाजी करत होता. परंतु त्यांनी एका थकलेल्या हातावर सगळा सामना टाकण्याऐवजी त्या दिवशी आठ पिचर आळीपाळीने वापरले आणि ८-० असा विजय मिळवला. पाचवा सामना आणि पुढे विश्वविजेतेपदही त्यांनीच पटकावले. म्हणून मालिकेपूर्वी जखमींची यादी मोजण्यापेक्षा, उरलेल्या हातांत सामन्याचे सत्तावीस बाद (नऊ इनिंग, प्रत्येकी तीन) कसे वाटून घेता येतील आणि त्यातले किती हात काल-परवा वापरले गेले आहेत, याचा हिशेब मांडावा.

क्रिकेटमधले वेगवान गोलंदाज दिवसाला वीस-वीस षटके टाकतात. बेसबॉलचा पिचर शंभरेक चेंडू टाकून चार-पाच दिवस विश्रांती घेतो, तरी त्याचे कोपर निकामी होते. हे खेळाडू नाजूक असतात का?
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

नाजूकपणाचा इथे संबंध नाही. दोन्ही खेळांत शरीर मोडते, फक्त वेगवेगळ्या जागी. क्रिकेटच्या नियमांनुसार चेंडू सोडताना कोपर पंधरा अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये. त्यामुळे वेग धावण्यातून, पुढचा पाय ताठ रोवण्यातून आणि कमरेतून वाकून वळण्यातून काढावा लागतो. प्रत्येक चेंडूला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का त्या पायातून वर चढतो आणि कमरेच्या मणक्यांवर येऊन आदळतो. वेगवान गोलंदाजांना कमरेच्या मणक्याचे स्ट्रेस फ्रॅक्चर होते ते याचमुळे.

पिचरला धावत येण्याची मुभा नाही. दहा इंच उंचीच्या माउंडवरून एक पाऊल टाकायचे आणि साठ फूट सहा इंचांवर चेंडू पोहोचवायचा. त्याचा हात काटकोनात वाकलेला असतो, खांद्यातून मागे इतका फिरतो की पंजा जवळजवळ आडवा होतो, आणि तिथून क्षणार्धात पुढे झेपावतो. हात मागून पुढे वळतो नेमक्या त्या घडीला कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि करंगळीहूनही बारीक असा लिगामेंटचा पट्टा तिला धरून ठेवतो. प्रत्येक जोरकस चेंडूला हा पट्टा त्याच्या सहनशक्तीच्या कडेपर्यंत ताणला जातो. क्रिकेटच्या नियमाने जे कोपर वाचवले, तेच बेसबॉलमध्ये पणाला लागते.

आपल्या मुंबई इंडियन्सच्या जसप्रीत बुमराहचा अनुभव आठवावा. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोटींत १५१.२ षटके टाकली, ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीने साथ सोडल्याने तो गोलंदाजीला उतरू शकला नाही. त्यापूर्वी २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती. पुढच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत तो नव्हता, तरी भारताने ती जिंकली. त्यानंतर इंग्लंडमध्ये तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हा त्याच्यावर झालेली टीका मला अन्यायाची वाटली. ज्या पाठीवर एकदा शस्त्रक्रिया झाली आहे, तिचा हिशेब ठेवणे हे संघाचे कर्तव्यच होते.

टॉमी जॉन शस्त्रक्रियेत नेमके काय करतात? ती केल्यावर हात पूर्वीपेक्षा बळकट होतो असे आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात.
– एक वाचक, विलेपार्ले

अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यभागी एक दोरी वर आलेली दिसेल. हा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आहे, काही जणांना तो जन्मतःच नसतो आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. हा टेंडन काढून कोपराच्या हाडांत पाडलेल्या भोकांतून ओवायचा आणि तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा, ही त्या शस्त्रक्रियेची मूळ कल्पना. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्यावर ती प्रथम केली. तो १९७५ चा हंगाम मुकला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

हात अधिक बळकट होतो हा समज मात्र सोडून द्यावा. बारा ते अठरा महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीत आणि व्यायामात खेळाडू पाय, पाठ, खांदा यांवर जी मेहनत घेतो, तिचे श्रेय टेंडनला दिले जाते. सगळेच परत येत नाहीत, आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. पिचर वॉकर ब्यूलरच्या कोपरावर दोनदा ही शस्त्रक्रिया झाली आहे. २०२४ च्या अंतिम मालिकेत तिसरा सामना सुरू करून, मध्ये एकच दिवस सोडून पाचव्या सामन्याची शेवटची इनिंग त्याने टाकली. ते पाहताना मी त्याच्या धैर्याने भारावलो आणि त्याच वेळी त्याच्या कोपरासाठी घाबरलोही होतो.

दुखापती खरोखर वाढल्या आहेत का, असे दोन वाचकांनी विचारले आहे, त्याचेही उत्तर इथेच देतो. होय, वाढल्या आहेत. मेजर लीगने (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेने) डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जखमींच्या यादीत पिचर जाण्याचे प्रसंग २००५ मध्ये २१२ होते, ते २०२४ मध्ये ४८५ झाले. वेगवान चेंडूची सरासरी २००८ मधल्या ताशी ९१.३ मैलांवरून ९४.२ वर पोहोचली. वेगाचा हव्यास, चेंडूला अधिकाधिक वळण देण्याचा खटाटोप आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय, ही कारणे त्या अहवालात पुढे आली आहेत. खेळाडूंची संघटना पिच क्लॉकमुळे (दोन चेंडूंमधल्या वेळेवरच्या मर्यादेमुळे) कमी झालेल्या उसंतीकडे बोट दाखवते. मला वेगाचे कारण अधिक पटते, कारण हा चढ पिच क्लॉक येण्याच्या कितीतरी आधीपासून दिसतो आहे.

मालिका सुरू झाल्यावर पिचर जखमी झाला तर बदली खेळाडू घेता येतो का?
– एक वाचक, ठाणे

येतो, पण ज्याला काढले तो त्या मालिकेबरोबरच पुढच्या फेरीलाही मुकतो. म्हणूनच संघ अनेकदा एक हात कमी घेऊन खेळत राहतात. २६ जणांची यादी प्रत्येक मालिकेसाठी नव्याने, पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी जाहीर होते. भारतात तेव्हा संध्याकाळ असते, तोवर अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

वॉशिंग्टन नॅशनल्सनी २०१२ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला ऐन मोक्याच्या वेळी घरी बसवले. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आम्हा मित्रांत अजून वाद होतात. आपले मत काय?
– एक वाचक, बोरिवली

ज्यांना हा प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: स्ट्रासबर्गवर २०१० मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. २०१२ मध्ये संघ ९८ सामने जिंकून अव्वल ठरला, परंतु त्याने सुमारे १६० इनिंग टाकताच सप्टेंबरमध्ये त्याला थांबवण्यात आले आणि प्लेऑफमध्ये तो उतरला नाही. सेंट लुईसविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात ६-० अशी आघाडी घेऊनही वॉशिंग्टन ९-७ असे हरले. त्या पराभवात नवव्या इनिंगमध्ये बुलपेनने (नंतर उतरणाऱ्या राखीव पिचरांनी) चार धावा दिल्या होत्या, हे वाद घालताना सहसा विसरले जाते.

त्याला जपण्याचा हेतू मला योग्य वाटतो, आखणी सदोष वाटते. इनिंगची मर्यादा हंगामाच्या आरंभीच ठरली होती, तर त्याला एप्रिलमध्ये उशिरा उतरवून किंवा मधे विश्रांती देऊन ऑक्टोबरसाठी काही इनिंग राखता आल्या असत्या. पुढे २०१९ च्या प्लेऑफमध्ये त्याने पाच विजय मिळवले आणि अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. त्यामुळे २०१२ चा निर्णय सार्थ ठरला असे काही जण म्हणतात, पण त्यानंतर दुखापतींनी गाठल्यामुळे त्याला आणखी फक्त आठ सामने टाकता आले. एवढ्या जपणुकीनंतरही हे घडले, तेव्हा इनिंगचा एकच आकडा पाळला म्हणजे हात सुरक्षित राहतो, असे मला म्हणवत नाही.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. शाळेच्या बेसबॉल संघात तो पिचर आहे आणि शनिवार-रविवारी मैदानावर क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीही करतो. गेले काही दिवस कोपराची आतली बाजू दुखते असे सांगतो. पुढच्या आठवड्यात त्यांचे बाद फेरीचे सामने आहेत. दुखऱ्या जागी स्प्रे मारून खेळू द्यावे का?
– एक आई, मुलुंड

ताई, कृपा करून खेळू देऊ नका. या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ होण्याची जागा अजून मऊ असते आणि ती लिगामेंटच्याही आधी हार मानते. स्प्रेने वेदना झाकली जाते, ताण तसाच राहतो. मुलांच्या खेळातल्या दुखापती हाताळणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटल्यास ते दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून तुलना करतील. वेळीच लक्षात आले तर बहुतेक मुले काही आठवडे फेकणे पूर्ण बंद ठेवून बरी होतात.

तो परतल्यावर अमेरिकेतली ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. पिचिंग केल्या दिवशी त्याला कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) म्हणूनही उभे करू नये, कारण कॅचरलाही दिवसभर चेंडू फेकावाच लागतो. चार दिवसांच्या या विश्रांतीत त्याने क्रिकेटची वेगवान गोलंदाजी केली तर हाताला विश्रांती मिळालीच नाही असे समजावे. बेसबॉलच्या सरांना क्रिकेटची षटके ठाऊक नसतात आणि क्रिकेटच्या सरांना पिचिंगचा आकडा ठाऊक नसतो. तेव्हा एका वहीत दोन्हीकडचे चेंडू रोजच्या रोज लिहा आणि दर सोमवारी ती वही दोन्ही सरांना दाखवा. बाद फेरीच्या संघात त्याचे नाव घालू नये असे उद्याच सरांना लेखी कळवा, म्हणजे ऐनवेळी नाही म्हणण्याची वेळ मुलावर येणार नाही.