डॅन्यूबवरचे आठ दिवस आणि पोस्टातली दोन खाती

कऱ्हाडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. यजमान ६५ वर्षांचे. त्यांनी स्टेशनरीचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. पेन्शन महिना ३८,००० रुपये, घरखर्च ४५,०००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची दहा-दहा लाखांची दोन खाती, चौदा महिन्यांपूर्वी उघडलेली. सात लाखांची मुदतठेव फेब्रुवारीत सुटते आहे, बचत खात्यात तीन लाख आहेत. लेक म्युनिकला नोकरी करते. लग्नाला ३५ वर्षं होतात म्हणून दोघांना डॅन्यूब नदीवरची आठ दिवसांची क्रूझ करायची आहे. दोन कंपन्यांची दरपत्रकं त्यांनी पाठवली आहेत: एक माणशी २,९०० युरो, दुसरं 'सगळं समाविष्ट' माणशी ४,६०० युरो. "महागडंच घेऊ, म्हणजे तिथे गेल्यावर खिशात हात घालायला नको, असं ह्यांचं म्हणणं. त्यासाठी एक खातं मोडावं का? लेक तीन लाख देते म्हणते, पण मुलीकडून पैसे घ्यायला मन धजत नाही. आम्ही दोघं शाकाहारी, दारूला कधी शिवलो नाही. ह्यांचे गुडघे दुखतात."

ताई, आधी उत्तर देते, मग हिशेब. जा, नक्की जा. महागडी क्रूझ घेऊ नका. पोस्टातलं खातं मोडू नका. आणि लेकीचे तीन लाख घ्या.

खात्याचं पहिलं. दोन्ही खाती ८.२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी बांधलेली आहेत. वीस लाखांवर वर्षाला १,६४,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १३,६६७. पेन्शन धरून घरात ५१,६६७ येतात. एक खातं मोडलंत की महिन्याला ६,८३३ कमी होऊन उरतात ४४,८३४. तुमचा घरखर्च ४५,००० आहे. दोन वर्षांच्या आत खातं बंद केल्याबद्दल दीड टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील ते वेगळेच, पण तो फटका एकदाच बसतो. महिन्याची तूट मात्र दर महिन्याला येते. दुकान बंद झाल्यापासून पेन्शनव्यतिरिक्त घरात येणारा पैसा एवढाच आहे. तो निम्मा करायला मी तुम्हाला कधीच सांगणार नाही.

आता ती दोन दरपत्रकं. कंपन्यांची नावं मी आकड्यांशी जोडून छापत नाही, कारण हे भाव सारखे बदलतात. पण एक मधल्या गटातली आहे आणि दुसरी सगळं एका भाड्यात बसवणाऱ्या गटातली, एवढं लक्षात घेतलं की पुरे.

नदीवरच्या जहाजांची एक गंमत आहे. ऱ्हाईन आणि डॅन्यूब यांना माइन नदीमार्गे जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ साली पुरा झाला. त्यावर १६ जलपाश आहेत. जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी भरून किंवा सोडून त्याला वर-खाली न्यायचं. हे जलपाश १२ मीटर रुंद. त्यामुळे या मार्गावरचं जहाज ११.४५ मीटरपेक्षा रुंद आणि १३५ मीटरपेक्षा लांब सहसा बांधत नाहीत. कंपनी कुठलीही असो, बाहेरून जहाजाचं माप जवळपास तेच. (आमावॉटरवेज या कंपनीचं 'आमामाग्ना' हे २०१९ सालचं जहाज त्याला अपवाद. ते २२ मीटर रुंद आहे आणि म्हणून डॅन्यूब सोडून जात नाही.) गावंही तीच: पासाऊ, मेल्क, ड्युर्नश्टाइन, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही नदीसाठी किंवा गावांसाठी देत नाही. ते जातात जहाजाच्या आतल्या गोष्टींसाठी. तेव्हा आत काय मिळतं ते बघू.

वायकिंग ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. १९९७ साली चार जहाजांवर सुरू झाली. हल्लीच्या तिच्या ठरावीक जहाजावर १९० प्रवासी असतात, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. प्रत्येक गावी एक सहल भाड्यातच, जेवणाबरोबर वाइन-बिअर भाड्यात, टिप सहसा वेगळी. आमावॉटरवेज साधारण याच पट्टीतली. तिच्याकडे सायकली असतात, आणि माझ्या मते तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे गावातल्या फेरीसाठी सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो. अ‍ॅव्हलॉनच्या वरच्या केबिनमध्ये पलंग खिडकीकडे तोंड करून ठेवलेले असतात. पडल्यापडल्या काठ दिसतो. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची क्रॉइझियुरोप १९७६ पासूनची घरगुती कंपनी, भाडं बरंच कमी, पण सहप्रवाशांत फ्रेंच मंडळी जास्त आणि जुन्या जहाजांवर खोल्या लहान. वरच्या पायरीवर युनिवर्ल्ड, सीनिक, टाउक. त्यांच्या भाड्यात मद्य, टिप आणि बहुतेक सहली येतात, सीनिककडे बटलरसुद्धा.

'सगळं समाविष्ट' हे शब्द ऐकून यजमानांना निश्चिंत वाटलं, ते मला पूर्ण समजतं. दुकान चालवलेल्या माणसाला परक्या देशात, परक्या नाण्यात, दर तासाला हिशेब नको वाटणारच. पण त्या 'सगळं'मध्ये तुमच्या उपयोगाचं किती? दोन्ही भाड्यांतला फरक दोघांचा मिळून ३,४०० युरो. युरो १०५ रुपये धरला तर ३,५७,००० रुपये. स्वस्त क्रूझवर तुम्हाला वेगळं काय द्यावं लागेल ते मांडते. टिप दिवसाला माणशी १५ युरो धरली तर सात दिवसांची २१० युरो. जहाजापर्यंत ने-आण १५० युरो. जादा सहली तीन घेतल्यात, प्रत्येकी ८० युरो, दोघांच्या ४८०. बेरीज ८४० युरो, म्हणजे ८८,२०० रुपये. उरलेले २,५६० युरो, जवळजवळ २ लाख ६९ हजार रुपये, कशाचे? दिवसभर चालू असलेल्या मद्याचे, बटलरचे, थोड्या मोठ्या खोलीचे आणि झुळझुळीत सजावटीचे. वाइनची आवड असलेल्या जोडप्याला मी हा हिशेब वेगळा करून दिला असता. तुम्ही शिवणार नसलेल्या पेल्याचे पैसे भरू नका.

शाकाहाराचं मात्र कुठल्याही कंपनीत आधी लेखी कळवा, आणि 'शाकाहारी' एवढाच शब्द लिहू नका. तिकडे त्यात अंडं बसतं. तुम्ही अंडं खात नसाल तर तसं स्पष्ट लिहा, आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटा.

केबिन निवडताना एरवी मी सर्वांत खालच्या मजल्यावरची सुचवते. तिथे पाण्याच्या पातळीलगत लहानशी, न उघडणारी खिडकी असते आणि भाडं बरंच कमी पडतं. बरंचसं अंतर जहाज रात्री कापतं. दिवसा अनेक गावी तीन-तीन जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात, तेव्हा महागड्या बाल्कनीतून समोर शेजारच्या जहाजाची बाल्कनीच दिसते. पण तुमच्यासाठी हा सल्ला मागे घेते. बहुतेक जहाजांवर लिफ्ट सर्वांत खालच्या मजल्यावर जात नाही आणि वरच्या उघड्या गच्चीवरही नाही. यजमानांच्या गुडघ्यांना दिवसातून सहा वेळा जिना नको. मधल्या मजल्यावरची केबिन घ्या. तुमचं २,९०० युरोचं दरपत्रक त्याच केबिनचं आहे, हे मी तपासलं.

मार्गाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे बुडण्याची खरी जागा इथे आहे. नदी कंपनीचं ऐकत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाईनवर काउब इथली पातळी २५ सेंटिमीटरवर आली होती. उलट जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर चढलं, जुनं गाव बरंचसं बुडालं. पाणी कमी असलं की जहाज तळाला लागतं, फार असलं की पुलाखालून जात नाही. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेतात किंवा पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर बसवतात, आणि मार्ग बदलण्याचा हक्क करारात त्यांनी आधीच राखलेला असतो. 'नदीतून गेलोच नाही' म्हणून पैसे परत मागायला फारशी जागा राहत नाही. डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा असा अडचणीचा आहे, तिथे जलपाश नाहीत आणि पाणी उथळ होतं. न्यूरेंबर्गहून निघणाऱ्या क्रूझला तो ओलांडावा लागतो. पासाऊहून निघणारी त्याच्या खालूनच सुरू होते. म्हणून पासाऊ ते बुडापेस्ट. म्युनिकहून पासाऊ रेल्वेने दोन-सव्वादोन तास, लेक स्वतः पोचवायला येऊ शकेल. आणि कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम रोज पाहणाऱ्या तुम्हाला डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्यांचा पासाऊचा संगम बघून काय वाटेल, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

महिना एप्रिलचा पहिला पंधरवडा. तुमच्याच दरपत्रकात तेव्हाचा दर २,३०० युरो आहे, उन्हाळ्यापेक्षा माणशी ६०० युरो कमी. थंडी असेल, स्वेटर लागतील. पण मेल्कच्या पुढच्या वाखाऊ खोऱ्यात जर्दाळूची झाडं साधारण याच सुमारास फुलतात, आणि तो टापू जहाजं सहसा दिवसाउजेडी पार करतात. यासाठी पैसे द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

क्रूझ न घेता हे सगळं पाहता येतं का? येतं. रेल्वे, साधी हॉटेलं आणि वाखाऊत मेल्क ते क्रेम्स प्रवासी बोट, असं धरलं तर आठवड्याचा तिथला खर्च दोघांचा दोन लाखांच्या आत बसेल असा माझा अंदाज आहे. पन्नाशीतल्या जोडप्याला मी तेच सुचवलं असतं. पण त्यात चार वेळा सामान बांधायचं, स्टेशनचे जिने, दगडी गल्ल्यांतून बॅगा ओढायच्या. क्रूझवर बॅग एकदाच उघडायची आणि गाव स्वतः दाराशी येतं. गुडघ्यांसाठी ही किंमत रास्त आहे.

आता पूर्ण बेरीज. क्रूझ ४,८३,००० रुपये. विमानभाडं दोघांचं १,३०,००० धरते. शेंगेन व्हिसाचं शुल्क माणशी ९० युरो, दोघांचं सुमारे १९,०००. टिप २२,०००. दोन जादा सहली ३४,०००. विमा, रेल्वे, व्हिसा केंद्राचा आकार, किरकोळ मिळून ४५,०००. एकूण ७,३३,०००. लेकीचे तीन लाख वजा केले तर तुमचे ४,३३,००० मुदतठेवीतून जातात आणि तिच्यातले २,६७,००० उरतात. ते गुडघ्यांच्या नावाने वेगळे ठेवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर विमा कंपनी किती देईल आणि पदरचे किती लागतील, हे डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घेऊन आत्ताच विचारा. बचत खात्यातल्या तीन लाखांना या सहलीचा हात लागू देऊ नका.

लेकीच्या पैशाबद्दल. मन धजत नाही, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी आया असंच बोलतात, आणि मुलाबद्दल तसं कुणी म्हणत नाही. ताई, तुम्ही तिला शिकवलंत, ती तिकडे उभी राहिली, आणि आता तिला आईबाबांना नदीवरून फिरवायचं आहे. हा तिचा आनंद आहे, तो तिला घेऊ द्या. पैशाच्या बाजूनेही यात फायदा आहे. तिची कमाई युरोत, तेव्हा तिच्या वाट्याला रुपया घसरण्याचं भय नाही. क्रूझचं बुकिंग तिने जर्मनीत केलं तर विक्रेत्याला 'झिखरुंग्सशाइन' नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कंपनी बुडाली तर भरलेले पैसे त्यावर सुरक्षित राहतात. मात्र जहाजावरची भाषा इंग्रजी आहे ना, हे तिने विचारून घ्यावं. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जहाजांवर सगळं जर्मनमध्येच चालतं.

भारतातल्या एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. रिटर्न भरलं की तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्याचे दर गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर एजंटाकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम काही महिने अडकेल असं धरून चाला.

विमा व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा लागतोच. तुम्ही मात्र आधीपासूनचा गुडघ्यांचा आजार आणि सहल रद्द होण्याची भरपाई, दोन्ही ज्यात लिहिलेलं आहे असाच घ्या, आणि क्रूझची पहिली रक्कम भरली की लगेच घ्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. लेकीकडे दहा दिवस राहणार असाल तर तो जर्मनीचा.

या आठवड्यात दोनच कामं करा. लेकीला सांगून कंपनीला विचारा: लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत, रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत, आणि उरलेली रक्कम कधी भरायची. आणि बँकेत जाऊन त्या सात लाखांच्या मुदतठेवीवर 'आपोआप नूतनीकरण' असेल तर ते बंद करून या, नाहीतर फेब्रुवारीत ती पुन्हा वर्षभरासाठी बांधली जाईल.