चार्जरची सबसिडी नेमकी मिळते कुठं? – तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं स्वतःचं घर आहे, इलेक्ट्रिक कार बुक केलीय. शोरूममधला एकजण म्हणतोय सात किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवून घ्या, साठ टक्के सबसिडी आहे, आमचा माणूस फाइल करून देतो, फक्त दोन हजार द्या. खरंच असं काही आहे का? महानगरपालिका, महावितरण, कुणी काय देतं का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ते दोन हजार आधी खिशातच ठेवा. साठ टक्के, जास्तीत जास्त दहा हजार, हा आकडा काय हवेतून आलेला नाही, राज्याच्या २०२१ च्या ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन) धोरणात स्लो चार्जरसाठी तो होता, पण ते धोरण ३१ मार्च २०२५ ला संपलं. व्हॉट्सॲपवर मात्र ते अजून जोरात चालू आहे. आता केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी दोन हजार कोटी ठेवलेत, पण ते सार्वजनिक स्टेशनसाठी, तुमच्या पार्किंगमधल्या डब्यासाठी नाहीत. म्हणजे नुसत्या डब्याला कुणी चेक देईल ही आशा सोडा, पैसे वाचतात ते दुसरीकडूनच.

एक सवलत तर तुम्हाला न मागता मिळते. चार्जरवर जीएसटी ५ टक्केच आहे, २०१९ च्या ऑगस्टपासून, आधी १८ होता. कोटेशनमध्ये चार्जरच्या ओळीपुढं १८ दिसला तर तिथंच विचारा. वायरिंगचं सामान आणि मजुरी यांचा दर वेगळा, ते मात्र चार्जरच्याच ओळीत घुसवलेलं नाही ना तेवढं बघा.

महापालिकेचं म्हणाल तर त्याच २०२१ च्या धोरणात घरी चार्जर बसवणाऱ्याला मिळकत करात सवलत द्यावी असं नागरी संस्थांना सुचवलं होतं, सक्ती नव्हती. त्यामुळं इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, करआकारणी विभागाला एक साधा अर्ज द्या, चार्जरचं बिल जोडा, पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. तोंडी 'बघू की ओ' म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही.

आता वीजबिल, खरा खेळ इथंच आहे. महिन्याला हजार किलोमीटर गाडी फिरली आणि युनिटला सात किलोमीटर धरले तर साधारण १४३ युनिट लागतात. घराचा वापर १८० असेल तर बेरीज ३२३, म्हणजे तुम्ही ३०० चा स्लॅब ओलांडता. बरेच जण इथं घाबरतात की आता सगळं बिल वरच्या दरानं येणार, तसं नसतं, ३०० च्या वरचे २३ युनिटच महाग पडतात. पण उन्हाळ्यात एसी चालू झाला की हा आकडा झपाट्यानं वाढतो, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा. गाडीसाठी वेगळं ईव्ही कनेक्शनही घेता येतं, त्याला स्लॅब नसतो, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. म्हणून मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर घेऊन दोन्हीकडची बेरीज करा. घरच्याच मीटरवर गाडी चार्ज करायला काही बंदी नाही, उगाच कुणाचं ऐकून दुसरं मीटर घेऊ नका. आणि नवं टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं, मीटर लागलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला सूट आहे, गाडी दिवसा घरी उभी असेल तर चार्जिंग दुपारी लावा.

मोठी रक्कम हवी असेल तर वर गच्चीकडं बघा. गच्चीवरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३० हजार आणि तीन किंवा जास्तला एकूण ७८ हजार थेट खात्यात येतात. आपल्या उन्हात तीन किलोवॅटमधून महिन्याला ३५० च्या आसपास युनिट निघायला हरकत नाही, पावसाळ्यात कमी. म्हणजे वरच्या हिशोबातलं घर आणि गाडी दोन्ही जवळजवळ भागतं. माझं मत विचाराल तर चार्जरच्या सबसिडीमागं पळण्यापेक्षा हा अर्ज करा, पोर्टलवर स्वतःच होतो, एजंट लागत नाही.

आणि सात किलोवॅटचाच कशाला? रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला १६ अँपिअरचा सॉकेट रात्रभरात पुरून उरतो. सात किलोवॅट म्हणजे ३२ अँपिअर, तासन्‌तास सलग. बिलावर मंजूर भार बघा, तिथं दोन किंवा तीन किलोवॅट असेल तर आधी भार वाढवायचा अर्ज, मग चार्जर. जुनी वायर तशीच ठेवली तर मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड आधी काळा पडतो, मग वितळतो. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, आरसीबीओ (गळती किंवा जादा भार झाला की वीज तोडणारा स्विच) आणि नवं अर्थिंग, यात काटकसर नको. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, चार्जर लाल दिवा लावून बसतो आणि माणूस गाडीला शिव्या देतो, अशा वेळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकून बघा.

प्रश्न : होटगी रोडला अपार्टमेंटमध्ये राहतो. चेअरमन चार्जर लावू देत नाहीत, म्हणतात आग लागेल, आणि कॉमन मीटरचं बिल कोण भरणार? – एक फ्लॅटधारक

उत्तर : चेअरमनसाहेबांचा बिलाचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून कॉमन मीटरला हातच लावू नका. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली, त्यात ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं आणि महापालिका हद्दीत नवं कनेक्शन सात दिवसांत द्यायचं आहे. वायरचा मार्ग, एमसीबीची जागा आणि खर्च कोणाचा हे एका कागदावर लिहून मीटिंगमध्ये ठेवा, आगीची भीती परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट रिपोर्टनं बरीच कमी होते. आणि त्यांना एक गोष्ट जरूर सांगा, सूर्यघरमध्ये सोसायटीच्या सामाईक वापराला, त्यात ईव्ही चार्जिंगही आलं, किलोवॅटमागं १८ हजार मिळतात. लिफ्टचं आणि पाण्याच्या मोटारीचं बिल कमी होतंय म्हटल्यावर मीटिंगचा सूर बदलतो बघा.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, तिथं वीज सवलतीत मिळते. कार तिथंच चार्ज केली तर? – एक कारखानदार

उत्तर : मोह कळतो, पण महावितरणकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय करू नका. ती सवलत मागासाठी आहे, गाडीसाठी नाही. वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये मंजूर कारण सोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरली की दुप्पट दरानं आकारणी होते, आणि कधीपासून वापरली ते ठरवता आलं नाही तर बारा महिन्यांची लावतात. कारखान्यातच चार्ज करायची असेल तर त्याच आवारात ईव्हीचं वेगळं कनेक्शन मागा, नाहीतर घरी रात्री लावा.