'आत्मिक वाढ' की 'आध्यात्मिक प्रगती'?

प्रश्न: ख्रिस्ती जीवनावरच्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करताना 'ऑथेंटिक स्पिरिच्युअल ग्रोथ'ला मी 'अस्सल आध्यात्मिक प्रगती' असं लिहिलं होतं. मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) ज्येष्ठांनी ते खोडून 'खरी आत्मिक वाढ' केलं. खाली 'आपली आत्मिक वाढ करा' असं वाक्य होतं, तेही त्यांना खटकलं. हा नुसता सवयीचा भाग आहे की अर्थात फरक पडतो?

उत्तर: सवय आहेच, पण तिच्यामागे अर्थ आहे. तुमच्या ज्येष्ठांची दुसरी हरकत तर पहिलीपेक्षाही मोलाची आहे.

आधी विशेषण. 'आध्यात्मिक' आला 'अध्यात्म'वरून, म्हणजे अधि + आत्मन्, आत्म्याविषयीचं. तो आत्मा माणसाचा स्वतःचा. प्रॉटेस्टंट मराठीतला 'आत्मिक' दिसायला त्याचाच भाऊ, पण नातं वेगळ्या घराशी. बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतल्या 'प्न्यूमाटिकोस' या ग्रीक शब्दासाठी तो वापरला आहे आणि त्या शब्दाचा रोख बहुतेक ठिकाणी पवित्र आत्म्याकडे, म्हणजे देवाच्या आत्म्याकडे असतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात माणसांचे तीन प्रकार येतात: स्वाभाविक वृत्तीचा, दैहिक आणि आत्मिक. यातला 'आत्मिक' म्हणजे अंतर्मुख, ध्यानी किंवा विरक्त माणूस नव्हे. पवित्र आत्म्याच्या कह्यात चालणारा, एवढाच त्याचा अर्थ. मग तो दिवसभर तंबू शिवत का बसेना (पौलाचा धंदा तोच होता).

मंडळीबाहेरच्या मराठी वाचकाची अडचण मात्र खरी आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा 'अविकार्य' म्हटला आहे. ज्यात विकार होत नाही त्याची वाढ कशी व्हायची? त्या कानाला 'आत्मिक वाढ' हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा शब्दप्रयोग वाटू शकतो. ख्रिस्ती वापरात वाढतो तो माणूस, आत्म्याच्या योगे. आत्मा स्वतः वाढत नाही. पत्रक सर्वांसाठी असेल तर एकदा 'पवित्र आत्म्याच्या योगे होणारी वाढ' असं फोडून लिहा आणि पुढे 'आत्मिक वाढ' चालू द्या. वसईकडच्या कॅथलिक लेखनात 'आध्यात्मिक' बिनदिक्कत चालतो, जसं 'मंडळी'ऐवजी 'ख्रिस्तसभा' आणि 'पाळक'ऐवजी 'धर्मगुरू'. तो चुकीचा नाही, त्या घराण्याचा आहे. एकाच पत्रकात दोन्हींची मिसळ तेवढी करू नये.

आता नाम. 'प्रगती' बायबलला परकी नाही. 'प्रोकोपे' हा ग्रीक शब्द पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या बाबतीत त्याच अर्थाने येतो. गंमत अशी की तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात याच कुळातलं क्रियापद भोंदू लोकांना लावलं आहे: ते अधिकाधिक दुष्टपणाकडे 'पुढे सरकतात'. म्हणजे प्रगतीला दिशा सांगावी लागते. 'वाढ' (क्रियापद 'आउक्सानो') ही शेतातली. तिच्यात बी आहे, ऋतू आहे, आणि वाढणाऱ्याच्या हातात फारसं काही नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शेतकरी बी टाकून झोपतो, उठतो, आणि जमीन आपोआप पीक देते: आधी अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. या 'आपोआप'साठी मूळ ग्रीकमध्ये 'आउटोमाटे' आहे. आपला रोजचा 'ऑटोमॅटिक' त्याच कुळातला.

यावरून तुमचं वाक्य का खटकलं ते कळेल. 'वाढणे' अकर्मक, 'वाढवणे' सकर्मक. पौल करिंथकरांना सांगतो की मी लावलं, अपुल्लोसाने (तिथल्या दुसऱ्या उपदेशकाने) पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. माणूस वाढतो, देव वाढवतो, आणि वाढ 'होते'. 'आपली आत्मिक वाढ करा' म्हटलं की कर्ता बदलतो आणि वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या जाहिरातीसारखं वाजतं. व्याकरण आणि ईश्वरविज्ञान एकाच जागी अडखळलेलं असं सहसा सापडत नाही.

मग माणसाने हातावर हात ठेवून बसायचं का? नाही, आणि त्यासाठी वेगळी क्रियापदं आहेत. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' असं आहे, आणि पुढच्याच वचनात, हे तुमच्यात घडवणारा देव आहे असंही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'सुभक्तीविषयी कसरत कर' आहे. मूळ 'गिम्नाझो', म्हणजे आखाड्यातली मेहनत. तेव्हा 'कसरत', 'सराव', 'साधून घेणे' यांचा कर्ता माणूस, आणि 'वाढ'ला मात्र 'होणे'. प्रार्थना, वचनाचं (बायबलचं) मनन, उपास, एकमेकांजवळ पापांची कबुली हे सगळं पहिल्या खात्यात जातं. पत्रकात 'रोज वचन वाचा म्हणजे तुमची वाढ होईल' असं असेल तर ते 'वाचत राहा, त्यात तुमची वाढ होत जाईल' असं करावं. पहिल्यात औषधाच्या डोसाची हमी आहे.

'उन्नती' हा पर्याय घाईत वापरू नका. मराठी बायबलमध्ये तो 'ओइकोदोमे' म्हणजे घरबांधणी या शब्दासाठी येतो: 'ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते.' त्यात बहुतेक वेळा दुसऱ्याला, मंडळीला उभं करणं आहे. एकट्याची उन्नती पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात जरा खालच्या पायरीवरच ठेवली आहे. 'पवित्रीकरण' (पवित्र होत जाणं) हा नेमका शब्द आहे, पण पत्रकाच्या मथळ्याला जड. 'नीतिमान ठरणे' मात्र वाढीच्या अर्थाने कधीच वापरू नका. 'ठरणे' हा देवाचा निकाल आहे, प्रॉटेस्टंट शिकवणीत तो एकदाच लागतो. त्यात टप्पे नसतात.

राहिला 'अस्सल'. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ. मराठीत तो दस्तऐवजाला, तुपाला, हापूसला शोभतो, कारण त्याच्या समोर 'नक्कल' किंवा 'भेसळ' उभी असते. इथे समोर आहे ढोंग. ग्रीक 'हिपोक्रितेस' म्हणजे मुळात रंगभूमीवरचा नट, आणि त्याच्या उलट 'आनिपोक्रितोस', ज्याला मराठी बायबल 'निष्कपट' म्हणतं. म्हणून 'खरी' किंवा 'निष्कपट'. 'प्रामाणिक वाढ' म्हणू नका. माणूस प्रामाणिक असतो, वाढ नाही.

वाढ खरी की नाही हे कशावरून ओळखायचं, असा परिच्छेद पत्रकात बहुधा असेलच. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे 'आत्म्याची नऊ फळे'. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाची 'कर्मे' अनेकवचनी आहेत, आणि आत्म्याचं 'फळ' एकवचनी: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. एकच घोस, नऊ दाणे. 'मला सहनशीलता नाही, पण आनंद भरपूर आहे' अशी निवड त्यात बसत नाही. (कॅथलिक परंपरा बारा फळं मोजते, म्हणून तिकडच्या पत्रकात आकडा तपासून घ्या.) फळाची 'कृपादानां'शी, म्हणजे आत्म्याने दिलेल्या खास देणग्यांशीही गल्लत होते. दान मिळतं, फळ येतं, आणि यायला वेळ लागतो. करिंथच्या मंडळीत कोणत्याच कृपादानाची उणीव नव्हती, असं त्यांच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. तिसऱ्या अध्यायात त्याच माणसांना पौल 'बालके' म्हणतो आणि दुधावर ठेवतो.

मथळ्याला नुसतं 'वाढा' लिहू नका, पंगतीत वाढप्याला हाक मारल्यासारखं होतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचं शेवटचं वचन हाताशी आहे: 'कृपेत आणि ज्ञानात वाढत जा'. मूळ क्रियापद चालू काळातल्या आज्ञेचं आहे, आणि ते चालूपण मराठीच्या 'त जा'त बरोबर उतरलं आहे.