सतत बदलणाऱ्या काळात बदलाशी जुळवून घेणारा उद्योजक कसं व्हावं?

लहान कारखान्यापुरतं उत्तर देते, मोठ्या कंपन्यांचं मला माहीत नाही. आणि बदल अचानक येतो, हे मला मुळातच मान्य नाही. निदान आमच्या धंद्यात तरी बहुतेक बदल तारीख सांगून येतात. लोक ती तारीख ऐकतात आणि "बघू, मुदत वाढेल" म्हणून सोडून देतात.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत आमचा गाळा आहे. बाबांनी ट्रॉब मशिनवर, म्हणजे छोटे गोल पार्ट आपोआप कातणाऱ्या लेथवर, सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं मुख्य काम एकच होतं: दुचाकीच्या कार्ब्युरेटरचे पितळी जेट. नखाएवढा तुकडा, त्याला मधून एक मिलिमीटरच्या आतबाहेरचं भोक. दिसायला किरकोळ, पण गाडीत पेट्रोल किती जाणार ते त्या भोकावर ठरतं. ड्रिल बाहेर पडतं तिथे धातूची बारीक कणी राहते, तिला आम्ही बर म्हणतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढी बर राहिली तरी पिन गेज, म्हणजे भोकाचं माप घ्यायची सळई, आत जाते, माप बरोबर येतं आणि एअर फ्लोच्या तपासणीत माल मात्र नापास होतो. आमचे सेटर, म्हणजे मशिन लावून देणारे, मामा ड्रिलच्या आवाजावरून सांगतात, आता धार गेली, थांबव. हे कसब आमच्याकडे होतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, आपण जेट विकतो.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारने जाहीर केलं की गाड्यांच्या धुराच्या मानकात (बीएस) पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस सहा. त्या मानकात दुचाकीला जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन येणार, म्हणजे कार्ब्युरेटर जाणार, म्हणजे जेट जाणार. चार वर्षं आधी सांगितलं होतं! तरी आमच्या ओळीतल्या गाळ्यांमध्ये सगळ्यांचं एकच पालुपद, कंपन्या दबाव आणतील, तारीख पुढे जाईल. मग २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने बीएस तीन गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. देशभर आठ लाखांहून जास्त गाड्या पडून होत्या, त्यातल्या बहुतेक दुचाकी. शोरूमवाल्यांनी शेवटच्या दोन दिवसांत मिळेल त्या किमतीला गाड्या काढल्या. त्यानंतरही कुणी मुदतवाढीची वाट बघत असेल, तर त्याला बदलाचा बळी म्हणायला मी तयार नाही.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, धंद्यात भागीदार होता. आधी तो मुदतवाढवाल्यांच्या बाजूचा. कोर्टाच्या निकालानंतर एकदम दुसऱ्या टोकाला गेला: गाळा भाड्याने देऊ, मशिनं भंगारात घालू, लिथियम बॅटरीचे पॅक जोडायची लाइन टाकू, त्यासाठी गाळा तारण ठेवू. घरात तो मला म्हणाला, तुला बदलाची भीती वाटते. हे मला फार लागलं. अजून लागतं.

तो नेहमी बजाजचं उदाहरण द्यायचा. बजाजचं आकुर्डी आमच्या शेजारीच, त्यामुळे ते उदाहरण आमच्याकडे रोजचंच. २००९ च्या शेवटी बजाजने स्कूटर बंद करायचं ठरवलं, राहुल बजाज यांनी त्याचं वाईट वाटल्याचं उघड सांगितलं, तरी निर्णय झाला. बघ, असं धाडस लागतं, दादाचं म्हणणं. अहो, पण त्यांच्या हातात तेव्हा २००१ पासून चालणारी पल्सर होती, इंजिन बनवायचं ज्ञान होतं, परदेशातली गिऱ्हाइकं होती. त्यांनी वस्तू सोडली, कसब सोडलं नाही. आणि स्कूटर सोडणं त्यांनाही फुकट पडलं नाही. तो बाजार पुढे अ‍ॅक्टिव्हाने वाढवला, आणि २०२० मध्ये बजाज चेतक परत घेऊन आले, विजेवरची.

मी काय केलं ते सांगते. गिऱ्हाइकाच्या मागणीच्या शेड्यूलमध्ये जेटचे आकडे घसरायला लागायच्या आधीच नमुन्यांची डबी घेऊन हिंडले. पहिला विचार पितळेचाच होता, स्विचगिअरचे (विजेच्या स्विच-पॅनेलचे) टर्मिनल वगैरे. तिथे लगेच कळलं की साध्या पितळी मालात जामनगरशी भावात टक्कर घेणं आपल्याला झेपणार नाही. ते कच्च्या मालापासून भंगारापर्यंत सगळं एकाच गावात करतात. मग मामांशी बसून ठरवलं की जिथे भोक बारीक आहे आणि बर चालत नाही, तेवढंच काम मागायचं. औद्योगिक एलपीजी बर्नरचे नोझल मिळाले. तिथे बर राहिली की ज्योत तिरकी होते, म्हणजे दुखणं तेच, गिऱ्हाईक नवं. पुढे न्यूमॅटिक फिटिंगची, म्हणजे दाबाच्या हवेच्या नळ्या जोडणाऱ्या पार्टची, कामं आली, त्यात स्टेनलेस स्टील आलं. ते पितळेसारखं सरळ कापलं जात नाही, ड्रिल पटापट मोडतात. तेव्हा एक जुना सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशिन, घेतला, आणि मामांच्याच हाताखाली दोन आयटीआयची मुलं शिकली. मशिन बदललं, माणसं तीच ठेवली.

१ एप्रिल २०२० उजाडला तेव्हा २५ मार्चच्या लॉकडाउनमुळे सगळंच बंद होतं. त्याची तारीख मात्र कुणी दिली नव्हती, हे कबूल. तेव्हा लहान उद्योगांना सरकारी हमीवर मिळणारं वाढीव कर्ज आम्हीही घेतलं, आधीच्या कर्जाची जी रक्कम फेडायची बाकी असेल तिच्या वीस टक्के मिळायचं. पण काम सुरू झालं तेव्हा जेटची ऑर्डर शून्य होऊनही आमची मशिनं चालली, कारण बर्नर आणि फिटिंगवाले परत आले. ओळीतले जे एकाच गिऱ्हाइकावर होते त्यांच्यातल्या कित्येक शटरांवर आज 'भाड्याने देणे आहे' लिहिलंय.

आणि बॅटरी पॅकचं? जून २०२३ मध्ये विजेवरच्या दुचाकीचं सरकारी अनुदान बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट तासाला पंधरा हजारांवरून दहा हजारांवर आलं आणि किमतीच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा पंधरा टक्के झाली. त्या महिन्यात विक्री धाडकन पडली. गाळा तारण ठेवून लाइन टाकली असती तर हप्ता कुठून भरला असता, हे दादाने मला अजून सांगितलेलं नाही. विजेच्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्या येणारच, आणि कूलिंगच्या फिटिंगसाठी आम्हीही चौकशा करतोय. जे आपल्याला येत नाही ते कर्ज काढून, दुसऱ्याच्या अनुदानाच्या भरवशावर करणं याला मी जुळवून घेणं म्हणणार नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. नेतृत्वाची शिबिरं करू नका असं नाही, पण त्याआधी आपल्या धंद्याला लागू असलेल्या अधिसूचना स्वतः वाचा, सीएवर सोडू नका. मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला थेट विचारा, हा पार्ट अजून किती वर्षं चालणार. ते सांगतात, विचारणारे कमी असतात. मशिनवर उभं राहणाऱ्या माणसाला निर्णयात घ्या. कोणतं काम आपल्याला जमेल हे आमच्याकडे मामांना माझ्याआधी कळलं होतं. आणि उधारी आवरा. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करायचा नियम २००६ च्या कायद्यातच आहे, आता १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही त्याला दात आलेत. हातात तीन महिन्यांचे पगार नसतील तर माणूस बदलत नाही, नुसता घाबरतो.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. आमचा गाळा स्वतःचा आहे, बाबांनी डोक्यावर कर्ज ठेवलं नव्हतं, म्हणून मला हिंडायला वेळ मिळाला. भाड्याच्या जागेत असता तर सगळं याच क्रमाने करा असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सॉफ्टवेअर किंवा दुकानदारीत तारखा इतक्या आधी कळत नसतील, तिथल्यांनी आपलं लिहावं. पण 'बदलाची भीती' हा शेरा गाळा तारण ठेवायला नको म्हणणाऱ्या बाईवर इतक्या सहज मारला जातो की मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं. दादा आता भागीदारीत नाही, त्याचा हिस्सा मी बाजारभावाने दिला, आणि तोही याच नोझलच्या पैशातून.